हक्काचं भूत

भुताची गोष्ट रात्री सांगणाऱ्या माणसाला नगराळे मास्तर चोर म्हणत. "रात्री कोणीबी भेते. कुत्रं भुकलं तरी भेते. तिथं गोष्टीनं काय केलं? भर दुपारी, बाजार भरला असताना, घामाच्या धारा लागल्या असताना जिच्यानं अंगावर काटा येते, थे गोष्ट!" हे ते मारेगावच्या वाचनालयाच्या ओसरीवर बसून सांगत, आणि सांगत मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे बारानंतर कावळासुद्धा सावली सोडत नाही.

मी त्या गावात शाळामास्तर म्हणून आलो तेव्हा नुसता मॅट्रिक होतो. विदर्भ मुंबई राज्याला जोडला त्यानंतरची एक-दोन वर्षं असतील. आमच्या तांड्यातला मी पहिला मॅट्रिक. घरी आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलत असू. मराठी मी शाळेत शिकलो, तीही पुस्तकातली, त्यामुळे माझं लिहिणं आजही इस्त्री केल्यासारखं असतं. पुढे मी बी.ए. झालो. त्याचं श्रेय ज्या माणसाला आहे त्याच्याविषयी लिहायचं म्हणजे खरं तर शिक्षणाविषयी लिहायला हवं. पण मास्तर डोळ्यांपुढे आले की आधी भुतंच येतात. त्याला माझा इलाज नाही.

गोविंद नगराळे दिसायला किडकिडीत. मान पुढे काढून चालत. पांढरा पायजमा, काळा कोट, कोटाची सगळी बटणं लावलेली, सायकलच्या दांडीला बारमाही छत्री अडकवलेली. एवढ्याशा देहातून जो आवाज निघे तो ऐकून नवी मुलं आधी मास्तरांच्या मागे कोण उभं आहे ते बघत. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यांनी आणि त्यांच्या आईनं दीक्षा घेतली होती. घरातले देव्हारे, टाक सगळं गेलं. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि खाली कंदील, एवढंच.

शाळा सुटली की ते वाचनालयात. वाचनालय गावाचं, पण किल्ली त्यांच्याकडे. दोन कपाटं. एकात पोथ्या, चरित्रं, संगीत नाटकं. ते कपाट ते उघडायचे, झटकायचे आणि लावून घ्यायचे. दुसरं मात्र त्यांचं. त्यात रहस्यकथा, पिशाच्चकथा, चंद्रावर गेलेल्या माणसांच्या गोष्टी, कव्हरं गेलेले दिवाळी अंक. पुस्तक मागायला आलेल्याला ते वैद्यासारखं तपासत. "झोप लागते? जेवण जाते? घरात कोणाशी अबोला आहे?" मग कपाटापुढे उभे राहून मान तिरपी करत, आणि एक पुस्तक काढून देत. आपण मागितलेलं ते कधीच नसे.

मला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्हाले भेव कशाचं वाटते, राठोड?"

मी खरं ते सांगितलं. "इंग्रजीचं."

ते हसले नाहीत. "थे भूत मी उतरवतो. तोवर हे न्या."

दिलेलं पुस्तक मी दोन दिवसांत वाचून परत नेलं. माझी परीक्षा सुरू झाली.

"भूत कोणाचं होतं?"

"एका बाईचं. वडाखाली दिसते."

"कोणावर आलं?"

"एका वाटसरूवर. तो मरतो शेवटी."

"वाटसरूनं तिचं काय केलं होतं?"

मी आठवून पाहिलं. "काही नाही."

"मग थे फुकटचं भूत!" मास्तरांनी पुस्तक असं हातात घेतलं की जणू त्याला वास येत होता. "आल्यागेल्याले छळते. ज्यानं तिले मारलं थो घरी मजेत जेवून राह्यला, अन् ही वडाखाली वाटसरू धरून राह्यली. असल्या भुताले काय अर्थ आहे?"

"मग तुम्ही मला ते दिलं कशाला?"

"खराब चाखल्याबिगर चांगलं कळत नाही." आणि मग त्यांनी दुसरं पुस्तक काढलं. "हे हक्काचं भूत आहे. बरोबर घरी जाते."

मास्तरांच्या लेखी जगात एवढ्या दोनच जाती होत्या, फुकटचं भूत आणि हक्काचं भूत. एकदा मला म्हणाले, "राठोड, भूत म्हणजे काय? ठाण्यात कोणी लिहून न घेतलेली फिर्याद. फिर्यादी मरते, फिर्याद मरत नाही. थे दार वाजवत फिरते."

आमच्या हेडमास्तरांना हे सगळं फार गमतीचं वाटे. भरल्या शिक्षकखोलीत ते म्हणाले, "काय नगराळे, तिकडं नागपुरात भूतखेत मानणार नाही म्हणून शपथ घेतली, अन् इकडं दिवसभर भुतं वाचता?"

"वाचतो, मानत नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही पोथी मानता. वाचता कधी?"

खोलीत कोणीतरी खोकलं. हेडमास्तरांनी राग माझ्यावर काढला. मास्तरांच्या सांगण्यावरून मी बी.ए.ला बाहेरून बसायचा अर्ज आणला होता. तो सहीला पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "आता तांड्यातून बी.ए. निघणार का? मीठ वाहणारे तुम्ही, आता इंग्रजी वाहणार?" मी खाली पाहिलं. मास्तर उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "सही करा साहेब. थो पास झाला की तुम्हाले ऐकू येईल असं सांगन."

रोज सकाळी शाळेआधी तासभर ते मला इंग्रजी शिकवत. शब्द विसरलो की चिडत नसत, पण हळू बोललो की चिडत. उजवा हात कानामागे धरून म्हणत, "मागं ऐकू येत नाही." मागं कोणीच नसे. मागं भिंत होती.

हे वाक्य मूळ बाजाराच्या दिवसाचं. त्या दिवशी शाळा सकाळची असे. दुपारी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं मीठ-मिरची घेऊन झाली की वाचनालयाच्या ओसरीपुढच्या कडुनिंबाखाली टेकत. बहुतेकांना वाचता येत नसे. मास्तर त्यांना उन्हात गोष्टी वाचून दाखवत. दर पानाला हात कानामागे जाई. "मागं ऐकू येते का?" मागचा एखादा कोलाम आदिवासी हात वर करून "येते जी" म्हणाला की पुढचं पान उलटे. मास्तर म्हणत, पुढे बसणाऱ्याला सगळं ऐकू येतंच, गोष्ट मागच्यासाठी असते.

वाचून संपलं की ते शिफारशी करत. अमक्या गावच्या दंडारीत यंदा चांगलं सोंग आहे, बघा. रेडिओवर शुक्रवारी नाटक आहे, चुकवू नका. तमका सिनेमा येतोय, जाऊ नका.

या "जाऊ नका"ची एक हकिकत आहे. कापूस निघाला की मारेगावला तंबूतला सिनेमा येई. त्या वर्षी भुताचा सिनेमा लागला. पांढऱ्या साडीतली बाई, हातात मेणबत्ती, धुकं, गाणं. गाव लोटलं. मास्तर पहिल्याच दिवशी पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी बाजारात सायकल आडवी लावून उभे राहिले.

"जाऊ नका! शेवटी भूत नाहीच. जमिनीसाठी मुनीमानं बाई नाचवली आहे!"

तंबूचा मॅनेजर धावत आला. "मास्तर, काहून धंद्यावर पाय देता? शेवटच सांगून टाकला!"

"तुमच्या सिनेमाले शेवट आहे कुठं? पहिल्या रिळात एक सून विहिरीत सापडते. तिचं पुढं काय झालं? कोणी ढकललं? गाण्याच्या नादात इसरून गेले तुम्ही. तीन तास मी तिची वाट पाहत बसलो."

तंबू ओस पडला. पुढच्या आठवड्यात मॅनेजर स्वतः विचारायला आला की आता काय आणू. मास्तरांनी जुन्या एका सिनेमाचं नाव सांगितलं. त्यात जमीनदारानं मारलेली मोलकरीण परत येते आणि कोणालाही हात न लावता रोज फक्त त्याच्या ताटासमोर येऊन बसते. मास्तरांनी शब्द टाकल्यावर बैलगाड्यांची रांग लागली. मॅनेजर खूश. त्यानं कायमचा फुकट पास पुढे केला. मास्तरांनी तो घेतला नाही. म्हणाले, "पास नको. हाच खेळ एका गावच्या जत्रेत लावा." आणि मुकुटबनच्या बाजूचं एक गाव सांगितलं.

त्या गावचं नाव मी लिहीत नाही. तिथं आता नवी माणसं राहतात.

जत्रेत खेळ झाला. गावचे आबाजी पाटील पुढे खुर्ची टाकून बसले होते. ती मोलकरीण दुसऱ्यांदा ताटासमोर येऊन बसली तेव्हा ते उठून गेले. हे मला मॅनेजरनं सांगितलं. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "खुर्ची तिथंच ठेवली का नेली?"

"तिथंच होती."

"मग सगळ्यायले दिसली असन." आणि पुस्तकात डोकं घातलं.

मग रेडिओचं झालं. पाटलांच्या गावच्या चावडीवर सरकारनं बॅटरीचा रेडिओ दिला होता. शेतकीचे भाव सांगायला. एका शुक्रवारी नाटक लागणार होतं. त्यात एक शास्त्रज्ञ असं यंत्र करतो की हवेत विरलेले जुने आवाज पुन्हा ऐकू येतात. गावोगाव लोक आपल्या मेलेल्या आईबापांचे आवाज ऐकायला रांगा लावतात, आणि एक माणूस मात्र यंत्र मोडायला निघतो, कारण त्यानं पूर्वी एकदा एक वाक्य उच्चारलेलं असतं. मास्तरांना हे नाटक कुठून कळलं कोण जाणे. त्यांनी बाजारात त्या गावच्या माणसांना हुडकून हुडकून सांगितलं, "शुक्रवारी चावडीवर बसा. भावाच्या मागून लागन." चावडी भरली. पुढच्या सोमवारी त्या रेडिओची बॅटरी बिघडली, ती कितीतरी महिने दुरुस्त झाली नाही. मास्तर मुद्दाम चौकशी करत. "काय म्हणते पाटलाची बॅटरी?" आणि आपल्याच विनोदावर मोठ्यानं हसत. ते हसणं ऐकायला बरं वाटत नसे.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मास्तरांच्या शिफारशींना दिशा आहे. वारा कुठूनही येवो, पाला एकाच कुंपणाला अडकतो, तसं त्यांचं प्रत्येक भूत त्या एका गावाकडे जात होतं. मी विचारलं. ते म्हणाले, "ऊन फार आहे. चला."

सांगितलं ते त्यांच्या आईनं. भिवराबाई तेव्हा सत्तरीच्या असाव्यात. पूर्वी त्या गावच्या सुईण होत्या. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. मी मास्तरांकडे गेलो तर ते घरी नव्हते. म्हातारी दारात तुरी पाखडत बसली होती.

"बस बापा. येतेच थो. कोनाले तरी भूत दाखवाले गेला असन."

मी हसलो. मग धीर करून विचारलं, "आजी, त्या गावात काय झालं होतं?"

सूप चालूच राहिलं. "पाटलाचा नातू माह्याच हातावर झालता. तीन सालाचा झाला. पोळ्याच्या आदल्या रोजी वाड्यावर गेलती, तं पोराचं आंग असं तापलेलं. म्या म्हनलं, पाटील, लेकराले आजच्या आज गाडी जुंपून वनीच्या दवाखान्यात न्या, नाई तं हातचं जाईन. पाटील म्हने पोळा होऊ दे. मानाचे बैल सोडून कसा जाऊ? पोळ्याच्या राती पोर गेलं."

"मग?"

"मग काय. गाव म्हने, पोर जाईन हे हिले कसं ठावं होतं? हिनंच केलं. चेटकीन हाय."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कर असते. पहाटे घरोघरी दारातल्या पळसाच्या फांद्या उपटतात, गावभर ओरडत फिरवतात आणि गावाची पिडा नेणारी मारबत म्हणून शिवेबाहेर फेकतात. "इडापिडा, रोगराई, खोकला, खरूज घेऊन जा गे मारबत!" लहानपणी मीही ओरडलो आहे. त्या वर्षी त्या गावानं फांद्यांबरोबर भिवराबाईंना काढलं. पाटील पुढे, गाव मागे. बाईच्या अंगावर पळसाच्या फांद्या मारत, "घेऊन जा गे मारबत!" म्हणत वेशीबाहेर, तिथून शिवेपर्यंत. चौदा वर्षांचा गोविंदा आईचा हात धरून चालत होता.

"माह्या हातावर झालेले पोट्टे होते हो त्याच्यात," म्हातारी म्हणाली. "त्यायले वाटलं खेळच हाय." तिनं सुपातला खडा उचलून टाकला. "ह्या गोविंदाच्या गोष्टी मले नाई समजत, बापा. मले कोनाले भेववायचं नाई. मरनाच्या आंधी एक डाव त्या वेशीतून आत जायचं हाय. दिवसा, सरळ पायानं. कोनी चेटकीन न म्हनता. बस."

मास्तरांनी ही गोष्ट कधीही, कोणालाही सांगितली नाही. त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या गोष्टी सुचवल्या. कडुनिंबाखाली ऐकून, तंबूत पाहून, चावडीवर बसून माणसं गाडीत घरी जात आणि वाटेत कोणीतरी म्हणे, "हे आपल्या भिवरेसारखंच झालं गड्या." एवढंच त्यांना हवं होतं. वर्षं लागली. त्यांना घाई नव्हती.

एका श्रावणात भरदुपारी आबाजी पाटील वाचनालयाची पायरी चढले. मी आत इंग्रजीचा निबंध लिहीत बसलो होतो. उठू लागलो तर मास्तर म्हणाले, "बसा राठोड. वाचनालय सार्वजनिक आहे."

पाटील फार थकले होते. काठी भिंतीला टेकवून ते बाकावर बसले, आणि बराच वेळ दोन कपाटांकडे पाहत राहिले.

"पुस्तक पाह्यजे?" मास्तरांनी इतर कोणालाही विचारावं तसं विचारलं. "झोप लागते?"

"नाई," पाटील म्हणाले.

"जेवण जाते?"

पाटलांनी मान हलवली. मग म्हणाले, "पोळ्यात पोट्टे माह्यासमोर झडती म्हनतात, मास्तर. अर्धीच म्हनतात अन् थांबतात. पुरी म्हनली असती तं म्या झोडपलं असतं. थांबतात, अन् माह्याकडं पाहतात. दोन पोळे झाले असे."

झडती म्हणजे पोळ्यात तोरणाखाली म्हणायचं टोमण्याचं कवन.

"मले एक सांगा. तुम्ही लय वाचलं हाय. अशी एखांदी गोष्ट हाय का, जिच्यात थे बाई शेवटी माफ करते?"

मला अजून आठवतं, मास्तरांनी त्या प्रश्नाचा अपमान केला नाही. ते उठले. कपाट उघडलं. वरच्या फळीपासून एकेका पुस्तकावर बोट ठेवत खाली आले, मान तिरपी करून, अगदी मनापासून शोधत. मग कपाट लावलं.

"नाही. आपल्याकडे नाही."

पाटलांनी काठी घेतली. ते दारापर्यंत गेले तेव्हा मास्तर म्हणाले, "दुसरी एक आहे. त्यात बाई काहीच करत नाही. माणूसच सांगते. पण थे छापलेली नाही, पाटील. पोळ्यात, तोरणाखाली सांगाची आहे."

पाटील वळले नाहीत. पायऱ्या उतरून गेले.

पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून मास्तरांनी त्या दिवशी एक टांगा भाड्यानं केला. भिवराबाई नवं पांढरं लुगडं नेसून आत बसल्या. मला मास्तर म्हणाले, "चला. ऐकायले माणूस लागते." ते स्वतः सायकलवर, टांग्याच्या मागे.

वेशीबाहेरच्या मोकळ्या जागेत आंब्याच्या पानांचं तोरण ताणलं होतं. त्याखाली गावचे बैल, अंगावर झुली, शिंगांना बेगड. सर्वांत पुढे पाटलांची मानाची जोडी, आणि जोडीपाशी पाटील. जो पोळ्याचा मानकरी त्याला तोरण तुटेपर्यंत जागा सोडता येत नाही. आम्ही गर्दीच्या मागे, आंबाडीच्या शेताच्या बांधावर थांबलो. दोघांतिघांनी वळून पाहिलं, आणि बघता बघता सगळ्या पोळ्याला कळलं की टांग्यात कोण आहे.

झडत्या सुरू झाल्या. सावकारावर झाली, तलाठ्यावर झाली, एका नव्या जावयावर झाली. प्रत्येक झडतीच्या शेवटी महादेवाची ललकारी आणि सगळ्यांचं "हर हर महादेव". मग पंचविशीतला एक उंच पोरगा पुढे आला.

"तोरनाखाली बैल, बैलावर झूल,
कोनं इझवली दुसऱ्याची चूल?
आंब्याचं तोरन, पळसाचा पाला,
जित्याची मारबत कोन घेऊन गेला?"

आणि थांबला. ललकारी दिली नाही. ललकारीशिवाय झडती संपत नाही, आणि झडती संपल्याशिवाय तोरण तुटत नाही. सगळे उभे. फक्त बैलांच्या घागरमाळा वाजत होत्या.

पाटलांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. जमिनीकडे पाहून काही पुटपुटले.

माझ्या शेजारून आवाज गेला. "ऐकू आलं नाही, पाटील!"

साऱ्या माना मागे वळल्या. मास्तर बांधावर उभे होते. उजवा हात कानामागे.

पाटलांनी मान वर केली. "भिवराबाईनं काही केलं नव्हतं," ते म्हणाले. पुढच्या दोन रांगांनी ऐकलं असेल.

"मागं ऐकू येत नाही!"

भिवराबाई टांग्यातून उतरल्या होत्या. त्यांनी मुलाच्या कोटाची बाही धरली. "पुरे रे गोविंदा. म्हातारा हाय थो."

"तूबी म्हातारी झाली, माय," मास्तर तिच्याकडे न पाहता म्हणाले. हात कानामागेच होता.

आणि मग आबाजी पाटील ओरडले. त्या वयात माणूस ओरडतो तसं, फाटक्या आवाजात. "माह्या नातवाले ताप होता! भिवरा म्हने दवाखान्यात न्या! म्या नेलं नाई! पोरगं म्या घालवलं, अन् तिले मारबत केलं! आलं का आयकू?"

पुढची जोडी बुजली. कोणीतरी कासरे आवळले. उंच पोरानं ललकारी दिली, पण त्याला उत्तर फार थोड्यांनी दिलं. तोरण तुटलं, बैल वेशीत शिरले.

"जा माय," मास्तर म्हणाले. "वेस उघडी आहे."

म्हातारी गेली. बैलांच्या मागून, धुळीतून, सरळ पायानं. आत काय झालं ते तिनं परतताना सांगितलं. तिसऱ्या घराच्या दारात एक तिच्याच वयाची बाई बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कोन व? भिवरा का?" ही म्हणाली, "हो. चहा ठेव." एवढंच झालं म्हणे. चहात गूळ फार होता.

मास्तर मात्र आत गेले नाहीत. छत्री उघडून बांधावर उभे राहिले. काही वेळानं पाटीलच चालत आले. "झालं ना आता, मास्तर? उतरलं ना?"

"मायचं झालं असन. थे तिले विचारा."

"अन् तुमचं?"

मास्तरांनी छत्रीच्या टोकानं तुटलेल्या तोरणाखालच्या जागेकडे दाखवलं. तिथं अजून पन्नाससाठ माणसं उभी होती. "तुम्ही बोलले. शिवेपर्यंत ओरडत आले होते थे बाकीचे? त्यायच्यातल्या एकानं तरी तोंड उघडलं?"

पुढच्या पोळ्याला मास्तर पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. काही करत नसत, काही बोलत नसत. दुपारपासून तोरण तुटेपर्यंत त्या बांधावर छत्री धरून उभे राहत, आणि परत येत. पाटील वारले, तरी गेले. भिवराबाईही वारल्या. मधल्या काळात त्या गावात चारदा जाऊन मुक्काम करून आल्या होत्या आणि त्या तिसऱ्या घरच्या एका नातसुनेचं बाळंतपणही त्यांनी केलं होतं. तरी मास्तर गेले. मी एकदा म्हटलं, "मास्तर, आता पुरे." ते म्हणाले, "दर साली एखांदा येऊन सांगते. मागच्या साली दोघं आले. अजून बरेच राह्यले, राठोड." भूत मानत नसलेला तो माणूस दर पोळ्याला, भर उन्हात, बरोबर घरी जात होता.

माझी बदली कळंबला झाली. इंग्रजीत मी एकदा आपटलो, पुन्हा बसलो. दुसऱ्या खेपेचा निकाल लागला तो पोळ्याच्याच आठवड्यात. पोळ्याच्या दिवशी मी तांड्यावर याडीला, आईला, सांगायला निघालो होतो. मास्तरांना परतताना भेटायचं ठरवलं होतं. बस मारेगाव सोडून मुकुटबनच्या फाट्यावर उतारू घ्यायला थांबली, आणि खिडकीतून मला काळा कोट दिसला. सायकल हातात धरून ते रस्ता ओलांडायला थांबले होते. केस पांढरे झालेले. दांडीला छत्री.

"मास्तर!" मी ओरडलो. "मी पास झालो!"

त्यांनी पाहिलं. बस आणि ते यांत चार हातांचं अंतर नव्हतं. त्यांनी सायकल कमरेला टेकवली आणि उजवा हात कानामागे नेला.

"बी.ए. पास झालो, मास्तर!"

"मागं ऐकू येत नाही!"

मी बाकावरून उठलो. खिडकीतून छातीपर्यंत बाहेर आलो. "तांड्यातला राठोड बी.ए. झाला!" मी असा ओरडलो की कंडक्टरची बोटं घंटीच्या दोरीवरच थांबली. बैलांसाठी बेगड आणि गोंडे घेऊन बसलेले शेतकरी, मांडीवर पोर घेतलेल्या बाया, टपावर बोचकं चढवणारा हमाल, सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खाली पाहिलं नाही.

मास्तरांनी हात खाली घेतला. एकदाच मान हलवली. मग सायकलवर टांग टाकली आणि फाट्याच्या रस्त्याला लागले, मान पुढे काढून. तिकडं तोरण बांधायला सुरुवात झाली असेल.